थायरॉइडची गोळी आणि तिच्यासोबत गिळलेली लोहाची गोळी

थायरॉइडची गोळी लागली म्हटल्यावर लोक पहिलं काय सांगतात तर "आता जन्मभर घ्यावी लागणार हां". त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. घरात बीपीची, शुगरची गोळी घेणारी माणसं आहेतच, त्यात एक माझी. पण गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने शरीर कसं कसं वागतं, त्यातलं कुठलं चालायचंच आणि कुठल्यासाठी लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि खरी गरज त्याचीच असते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी मालवण तालुक्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे माझं वाचून कोणी स्वतःचा डोस बदलू नका, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते यातून मिळालं तरी पुष्कळ आहे.

सुरुवात आवाजापासून झाली. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र घ्यायचा म्हणजे दिवसभर बोलणं, त्यामुळे आवाज घोगरा झाला तेव्हा सगळ्यांनी तेच कारण दिलं, आणि गरम पाणी, ज्येष्ठमध, हळद सगळं झालं तरी तो सुटेना. मग थकवा, म्हणजे झोपून उठल्यावरचा थकवा, सकाळी उठतानाच अंग जड. पोट साफ नाही, टाचा फुटलेल्या, आणि आमच्याकडे ती कसली थंडी, तरी मी मे महिन्यापर्यंत पंखा नको म्हणत होते. पाळीत रक्तस्राव इतका व्हायला लागला की शाळेत जायची भीती वाटायची. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ आणि टीएसएच २८. टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास हवं, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. हा आकडा वाढतो म्हणजे थायरॉइड कमी काम करतेय, कारण टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम असतो, ती ऐकत नाही म्हटल्यावर हुकूम वाढत जातो. खूप जण आकडा वाढलाय म्हणजे थायरॉइड वाढलंय असं समजतात, ते उलट आहे.

गावात बातमी पसरल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, "मासे खाणाऱ्यांका खंयचो थायरॉइड!" त्यांचं चुकत नव्हतं, पूर्वी आयोडीनच्या कमतरतेने गलगंड व्हायचा, म्हणून तर १९६२ मध्ये सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढे आपलं मीठ आयोडीनवालं झालं, आणि समुद्राच्या मासळीत आयोडीन असतंच. पण माझं दुखणं वेगळं निघालं. अँटी टीपीओ नावाची टेस्ट केली ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर चालून जाते. याला हाशिमोटो म्हणतात, हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये ते पहिल्यांदा नोंदवलं. यात बांगडे-तारले कितीही खाल्ले तरी फरक पडत नाही आणि खाल्ले म्हणून बिघडतही नाही. कोबी-फ्लॉवरचं पण तेच, शिजवून बेताने खायला काही हरकत नसते, मला डॉक्टरांनी अजिबात बंद केलं नाही. फक्त यूट्यूबवर बघून समुद्री शेवाळाच्या, आयोडीनच्या गोळ्या घेऊ नका, जादा आयोडीनने हाशिमोटो अजून बिघडू शकतो.

तर गोळी सुरू झाली, लेव्होथायरॉक्सिन (थोडक्यात थायरॉक्सिन) ५० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी मिळते, आत औषध तेच. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. हा अर्धा-एक तास कोकणातल्या बाईला किती अवघड जातो ते कोकणातल्याच बाईला कळेल. आमच्याकडे उठलं की चूल नाहीतर गॅस पेटतो तो चहासाठी, सासूबाई पाच वाजता चहा ठेवतात आणि माझा कप भरूनच देतात, त्यांचा दिवस माझ्यासोबत चहा घेतल्याशिवाय सुरू होत नाही. कॉफीने ही गोळी कमी शोषली जाते आणि दूध म्हणजे कॅल्शियम आलंच, त्यामुळे दुधाचा चहाही नको. मग मी उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवायला लागले, पहाटे नळाचं पाणी भरायला जाग येतेच तेव्हा गोळी, नंतर पाणी भरणं, अंगण झाडणं, आणि मग सासूबाईंसोबत चहा. त्यांनी स्वतःहून चहा अर्धा तास पुढे ढकलला, काही न बोलता. ज्यांना सकाळचं जमतच नाही त्यांना रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी, पोट रिकामं झाल्यावर घेता येते, डॉक्टरांना विचारून. मात्र रोज एकच वेळ ठेवायची.

आणि इथेच ती दुसरी गोळी आली. हिमोग्लोबिन कमी म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली होती. दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहिलं, सकाळी उपाशीपोटी. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, लोहही उपाशीपोटीच चांगलं लागू पडतं. मी सांगितल्याप्रमाणे दोन्ही सकाळी एकत्र घेत होते. लोह आणि थायरॉक्सिन पोटात एकत्र आले की एकमेकांना धरून ठेवतात आणि थायरॉक्सिनचा बराच भाग रक्तात न जाता तसाच बाहेर जातो, म्हणून दोघांत ४ तासांचं अंतर लागतं. कॅल्शियमच्या गोळीचंही तेच, ॲसिडिटीच्या काही औषधांचंही. हे मला चिठ्ठी देताना कोणी सांगितलं नाही, मेडिकलवाल्यानेही नाही. राग येतो अजून. कारण थायरॉइड कमी असलं की पाळी जास्त जाते, पाळी जास्त गेली की रक्त कमी होतं, म्हणजे ज्या बाईला थायरॉइडची गोळी लागते तिलाच लोहाची गोळी लागायची शक्यता जास्त, मग ही दोन औषधं एका घरात येणार हे डॉक्टर लोकांना माहीत असायला नको?

पहिल्या महिन्यात जे जाणवलं ते सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थोडी जाग आल्यासारखं वाटलं, पोट साफ व्हायला लागलं. पण केस गळायला लागले ते आधीपेक्षा जास्त. न्हायल्यावर मोरीच्या जाळीत गुंतवळ बसायचा, पाणी जायचं नाही. नंतर कळलं की गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने हे होऊ शकतं, आजारात विश्रांतीला गेलेले केस एकदम गळतात आणि त्यांच्या जागी नवीन यायला वेळ लागतो, आणि बहुतेकांचं हे थांबतं. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी गोळीला दोष देत बसले नसते. मेडिकलमधून केसांसाठी बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या, त्या बायोटिनचंही पुढे सांगायचंय.

वजनाबद्दल सगळ्या बायका विचारतात म्हणून स्पष्ट लिहिते. थायरॉइडमुळे जे वजन वाढतं ते बहुतेक पाणी आणि मीठ साठून, साधारण २ ते ५ किलो. तेवढं गोळीने उतरू शकतं. बाकीचं आपलं आपण उतरवायचं. वजन उतरावं म्हणून जादा गोळी घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते, कारण जास्त झालेल्या थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात, पाळी गेलेल्या बायकांना तर हा धोका जास्तच.

दर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासत होतो. २८ वरून १४ वर आलं, मग डोस ७५ केला. मग ९, मग १००. डॉक्टरही म्हणत होते की तुमच्या वजनाला एवढा डोस लागायला नको, पण आकडा खाली येत नव्हता तर ते तरी काय करणार. लोहाच्या गोळीबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं आणि ती दुसऱ्या दवाखान्याची असल्यामुळे माझ्याही डोक्यात नव्हतं की इथे सांगायची.

मग आषाढात हिमोग्लोबिन ११.८ आलं आणि लोहाचा कोर्स संपला. सगळे खूश. आता १०० ची गोळी एकटी, अडवणारं कोणी नाही, पूर्णच्या पूर्ण रक्तात.

श्रावणात मला रात्री घाम यायला लागला. आमच्याकडे पावसात रात्री गारवा असतो, सगळे गोधडी ओढून झोपतात, मी मात्र पंखा तीनवर ठेवून आणि तरी मान भिजलेली. मे महिन्यात झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं, तेव्हा सगळेच भिजतात. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत कानाला छातीची धडधड ऐकू यायची, इतकी की झोप लागेना. दिवसातून तीन-चारदा पोट मोकळं. वर्गात पोरांवर आवाज चढायला लागला, एका चौथीतल्या मुलीला वही आणली नाही म्हणून इतकं बोलले की ती रडली आणि नंतर मी स्टाफरूममध्ये रडले. घरी सगळ्यांचं म्हणणं, पावसाळा आहे, गणपती तोंडावर आहेत, दगदग होतेय. भूक मात्र प्रचंड आणि वजन उतरत होतं, त्यामुळे भेटेल ती म्हणायची काय छान बारीक झालीस, गोळी लागू पडली तुला.

हरतालिकेला प्रश्न पडला गोळीचा, कारण आमच्याकडे पाण्याशिवाय उपास करतात. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घोटभर पाण्यान उपास मोडना नाय गो." विषय संपला. ज्यांच्या घरी असा प्रश्न येतो त्यांच्यासाठी सांगते, थायरॉक्सिन रक्तात फार हळू कमी होतं, निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी राहिली तर लगेच काही होत नाही. पण राहू देऊ नये, आणि पाण्याच्या एका घोटासाठी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मोदक आमच्या घरात माझ्याकडे असतात, लग्न होऊन आले तेव्हापासून. उकड मळून झाली, चूण तयार होतं, पारी करायला घेतली. पारी हातावर नीट झाली. कळ्या पाडताना दुसरी कळी चिमटीत धरली तर बोट थरथरलं आणि पारी फाटली. पुन्हा घेतली, पुन्हा फाटली. हात पुढे करून बघितला, बोटं सरळ पसरली तर टोकं सारखी हलत होती, बारीक, एका लयीत, मी थांबवू म्हटलं तरी थांबेनात. सासूबाई शेजारी नारळ खवत होत्या, त्यांनी बघितलं. "काय गो, हात कित्याक कापतत तुझे?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघता येते त्यांना असं नाही पण धरलं, आणि म्हणाल्या, "तू उठ, मोदक मी करतंय, आदी डॉक्टराक फोन कर." बाहेर आरतीची तयारी चाललेली आणि मी माजघरात बसून मोबाइलच्या घड्याळावर नाडी मोजली, बसून बसून ११० च्या वर.

सणाच्या दिवशीही डॉक्टरांनी फोन उचलला, त्यांचे उपकार आहेत. घाम, धडधड, पोट, झोप, हात, सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला की मधल्या काळात कुठलं औषध बंद झालं का. नवीन सुरू झालं का हे सगळेच विचारतात, बंद झालं का हे विचारणारे ते पहिले. लोहाची गोळी म्हटल्यावर पलीकडे एक मिनिट शांतता, मग म्हणाले किती वाजता घेत होता. तिथेच त्यांना कळलं. मग केसांसाठी काही घेता का, तर बायोटिन. ते आधी बंद करायला सांगितलं आणि दोन दिवसांनी रक्त द्यायला, कारण जास्त मात्रेतलं बायोटिन शरीरात काही करत नसलं तरी लॅबच्या मशीनला फसवतं, टीएसएच खोटं कमी आणि टी फोर, म्हणजे थायरॉइडचा हार्मोन, खोटा जास्त दाखवू शकतं. केस गळतात म्हणून बऱ्याच थायरॉइडवाल्या बायका बायोटिन घेतात, त्यांनी हे लक्षात ठेवाच. ईसीजी काढला, तो सुदैवाने नुसता जलद होता, ठोके अनियमित नव्हते. टीएसएच आलं ०.०५.

म्हणजे थायरॉइड कमी असलेली मी थायरॉइड जास्त झालेल्यांची सगळी लक्षणं अंगावर घेऊन फिरत होते. याला लोक गोळीचे साइड इफेक्ट म्हणतात, आणि मग घाबरून गोळीच सोडतात, आमच्या ओळखीत दोघींनी सोडलीय. पण हा शरीराचाच हार्मोन आहे, थायरॉइड जो बनवते तोच टी फोर, शरीर त्यातून लागेल तसा टी थ्री करून घेतं. नीट बसलेल्या डोसला त्रास फारसा नसतो. धडधड, घाम, थरथर, जुलाब, चिडचिड आली तर डोस जास्त होतोय आणि थंडी, सुस्ती, बद्धकोष्ठ, जड पाळी परत आली तर कमी पडतोय, असा पहिला संशय घ्यायचा आणि रक्त तपासायचं. म्हणूनच वय झालेल्यांना किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात.

डोस ७५ वर आणला. बघा, ७५ च लागत होता, आधी तो निम्मा लोहासोबत वाया जात होता. पण कमी केल्यावर दुसऱ्या दिवशी बरं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही, आणि ते दिवस मला सगळ्यात कठीण गेले. वर सांगितलं तसं, रक्तातलं निम्मं व्हायला आठवडा, त्यातलं निम्मं व्हायला अजून एक. गौरी गेल्या, गणपती गेले तरी धडधड होतीच, फक्त रोज थोडी कमी. डॉक्टरांनी काही दिवस ठोके कमी करायची वेगळी गोळी दिली, त्याने झोप लागली. नवरा रात्री जागा असेल तर नुसता म्हणायचा, कालच्यापेक्षा कमी आहे ना, मग झालं. नवरात्रापर्यंत हात थांबले. दिवाळीच्या आधीच्या तपासणीत टीएसएच २.४.

एक पावसाळ्याची गोष्ट राहिली. ही गोळी नाजूक आहे, उष्णता, उजेड आणि दमट हवा, तिन्ही तिला सोसत नाहीत. आमच्याकडे पावसात मिठाला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, तिथे गोळीचं काय होणार. काही जणी आठवड्याच्या गोळ्या प्लास्टिकच्या वारांच्या डबीत काढून ठेवतात, थायरॉइडची तशी ठेवू नका. बाटलीतच राहू दे, झाकण घट्ट, आत ओल शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नका, आणि बाटली स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर तर नकोच. माझी कपड्यांच्या कपाटात असते. रोज रात्री एकच गोळी काढून उशाशी वाटीत झाकून. आणि कंपनी शक्यतो बदलू नका, मेडिकलमध्ये नाही म्हणून दुसरी घ्यावी लागली तर सहा-आठ आठवड्यांनी एकदा तपासून घ्या.

मध्ये वाचत असताना कळलं की १८९१ मध्ये इंग्लंडातल्या जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईवर पहिल्यांदा उपचार केले, आणि ती त्यानंतर २८ वर्षं जगली. त्याच्या आधी या आजाराला औषधच नव्हतं, माणूस सुजत, मंद होत जायचा आणि घरचे नुसते बघायचे. आपल्या आजी-पणजींपैकी किती जणी "आळशी", "वेंधळी" म्हणवून घेत अशाच गेल्या असतील. मला माझी एक आत्या आठवते, तिचाही आवाज घोगरा होता आणि ती उन्हाळ्यातही शाल घ्यायची. माझ्यासाठी मेडिकलमध्ये बाटलीत गोळ्या तयार आहेत, स्वस्त आहेत, याचं मला फार वाटतं.

आता माझ्या नणंदेला हाशिमोटो निघालंय, ती डोंबिवलीला असते आणि गेल्या महिन्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. तिला मी लगेच सांगितलं की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नको, आजच डॉक्टरांना फोन कर, कारण गरोदरपणात गोळीची गरज पहिल्या आठवड्यांतच वाढते, साधारण पाव ते एक तृतीयांश तरी, आणि पहिले तीन महिने बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर वाढत असतो. तिचा डोस वाढवलाय आणि दर महिन्याला तपासणी ठरलीय. पुढे तिला लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतील, ते सगळ्याच गरोदर बायकांना देतात. थायरॉइडची पहाटे पाण्यासोबत, लोहाची दुपारी, कॅल्शियमची रात्री जेवल्यावर, तेही डॉक्टरांना दाखवून, असं तिच्याकडून कागदावर लिहून घेतलंय आणि त्याचा फोटो तिने मला पाठवलाय.